कवळी पास करणारं सॅलड

समोरचा माणूस खरं बोलतोय की खोटं, हे मला त्याने तोंड उघडायच्या आधीच कळतं!

ही बढाई नाही, हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. विमा कंपनीत मी दावे तपासतो. दुकान जळालं म्हणून गळा काढत आलेल्या माणसाच्या भुवया शाबूत दिसल्या, की मी त्याला आधी पाणी देतो आणि मग घाम फोडतो. पुरात सोफा वाहून गेला असा दावा करणारे एक सद्गृहस्थ पाचव्या मजल्यावर राहत होते. "सोफा जिना उतरून गेला का हो?" एवढंच विचारलं मी. पुन्हा फिरकले नाहीत. तेव्हा खुद्द माझ्या घरात, माझ्या नाकाखाली, मला कोणी बनवेल हे शक्यच नव्हतं!

म्हणजे, सासऱ्यांची कवळी येईपर्यंत शक्य नव्हतं.

सासरे आमच्याकडे आले ते दात करून घ्यायला. आमच्या इमारतीत तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे आणि ते डॉक्टर राहतात बरोबर आमच्या वर. "डॉक्टर जिन्यावर, लेक जवळ. कवळी बसली की मी निघालो," सासरे दारातच म्हणाले. हातात एवढीशी पिशवी. मला तर दयाच आली. पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल आणि एक तराजू निघाला!

सासरे वजनमापे निरीक्षक होते. नोकरीतून निवृत्त झाले, निरीक्षणातून नाही. आल्या आल्या त्यांनी बेकरीवाल्याचा पाव तोलला आणि परत पाठवला. मग फळवाल्याचा काटा उलटा करून त्याच्या बुडाला चिकटवलेलं लोहचुंबक भर रस्त्यात काढून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासरे टाळ्या घेऊन घरी आले, शिव्या मात्र त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या जावयाच्या वाट्याला आल्या. पूर्वी "या साहेब!" म्हणणारा फळवाला आता मला लांबून बघितलं की संत्र्यांवर पोतं टाकतो.

हेही मी सोसलं असतं. पण खुर्ची!

बाल्कनीच्या खिडकीशी माझी एक खुर्ची आहे. हात रुंद, पाठ कलती, सकाळचं ऊन पायांवर येतं, डोळ्यांवर येत नाही. दिवसभर लोकांची खोटी दुःखं ऐकून घरी आलो, की त्या खुर्चीत पडून मी स्वतःची खरी दुःखं आठवतो. सासरे पहिल्या दिवशी त्या खुर्चीत टेकले ते टेकलेच. मी शेजारी स्टुलावर. स्वतःच्या घरात मी पाहुण्यासारखा, आणि तोही न बोलावलेल्या!

यथावकाश कवळी आली. डॉक्टरांनी बसवली, घासली, परत बसवली. सासरे आरशात बघून हसले. मी तर त्यांच्याहून जास्त हसलो.

"टोचतेय का, बाबा?"

"नाही."

"हलतेय?"

"अजिबात नाही."

"मग झालं तर!"

"झालं कसं? मी अजून पास केलेली नाही."

म्हणजे काय, तर त्यांच्या खात्यात नवं वजन नुसतं चकचकीत दिसलं म्हणून त्यावर शिक्का बसत नसे. त्याची रीतसर चाचणी व्हायची, साक्षीदारांसमोर. आणि चाचणीही एकाच पारड्यात नाही, दोन्ही पारड्यांत! "कवळी पास झाली की मी दुसऱ्या दिवशीची बस धरतो, जावईबापू. पण बिनचाचणीचा शेरा मी आयुष्यात मारलेला नाही."

"मग घेऊ की चाचणी!" मी म्हटलं.

कल्पना माझ्याकडे तयार होती. डॉक्टरांच्या दवाखान्यात वाट बघताना एक जुनं मासिक चाळलं होतं. त्यात भूमध्यसागराकाठच्या सॅलडचं पानभर चित्र होतं. निळी ताटली, त्यात कलिंगडाच्या फोडी, संत्री, अंजीर. कडेने व्हिनेगरमध्ये मुरवलेलं गाजर, बीट, फ्लॉवर. आणि वर जाळीवर भाजलेल्या चीजचे पट्टेदार काप. बघताक्षणी माझ्यातला तपासनीस जागा झाला. फळं मऊ, भाज्या कुरकुरीत, चीज चिवट! एका ताटलीत कवळीचे तिन्ही पेपर!

रविवारी दुपारी डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई जेवायला, समोर सासरे, डॉक्टर स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, शेरा मिळणार, आणि सोमवारी सकाळी बस. बसचं तिकीट मी आधीच काढून पाकिटात घातलं, आतल्या कप्प्यात. मग बाल्कनीत उभं राहून ऑफिसातल्या मित्राला फोन केला.

"काळजी नको रे! तिकीट पाकिटाच्या आतल्या कप्प्यात तयार आहे. कवळी बसली की म्हातारा उठला!"

आत वर्तमानपत्राचं पान अर्धवट उलटून थांबल्यासारखा आवाज आला. मी काही तिकडे लक्ष दिलं नाही.

"सॅलड तू करणार?" बायकोने विचारलं. "तुला अंडं उकडायचं तर पातेल्यात पाणी घालायची आठवण करावी लागते."

"यात स्वयंपाक आहेच कुठे? कापायचं, बुडवायचं, भाजायचं!"

"बरं. ओटा तेवढा जिवंत ठेव."

भाज्या बुडवण्यापासून सुरुवात झाली. व्हिनेगर उकळलं की त्याची वाफ डोळ्यांत जाते, हे त्या चित्रात दाखवलेलं नव्हतं. मी ढसाढसा रडत बीट कापत होतो. बीटाचा रंग फ्लॉवरला लागला, फ्लॉवरवरून माझ्या हातांना, हातांवरून फ्रिजच्या दाराला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका खोट्या अपघातवाल्याची चौकशी करताना मी टेबलावर दोन्ही हात ठेवले. माझी लालभडक बोटं बघून त्याने आपण होऊन सगळं कबूल केलं! मी हा शुभशकुन मानला.

मग चीज. घरात होतं ते तव्यावर टाकलं. क्षणभर बरं दिसलं, मग त्याने अंग सोडलं आणि तव्यावर असं पसरलं, की भिंतीला चुना लावणाऱ्या गवंड्यानेसुद्धा विचारलं असतं, कोणत्या ब्रँडचा चुना वापरता? तो तवा बायकोने मला न विचारता भंगारात दिला. तव्याबरोबर माझ्याकडेही जरा बघितल्यासारखं वाटलं.

म्हणून शनिवारी मी चौकापलीकडच्या चीजच्या दुकानात गेलो. सासरे बरोबर आले. "तुमचा काटा जरा बघतो," असं दुकानदाराला सांगून ते काट्यापाशी गेले.

"न वितळणारं चीज हवंय. भाजायचंय."

"आहे ना साहेब!" दुकानदाराने मिठाच्या पाण्यातून एक पांढरी वीट काढली. "कितीही भाजा, आकार सोडणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा. हे गरम गरम खायचं. गार झालं की खाताना हे जरा..."

"अहो, खाताना काय करायचं ते आम्हाला कळतं!" मी म्हटलं. विकणारा माणूस 'फक्त एक' म्हणाला, की त्यामागून दुसरी वस्तू गळ्यात मारतो. माझा धंद्यातला अनुभव आहे. मी वीट उचलून बाहेर पडलो. सासरे मागे रेंगाळले, दुकानदाराशी काही बोलत होते. काटा चोख निघाला म्हणाले. चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

रविवार उजाडला. मी फळं कापली, भाज्या निथळल्या, चीजचे काप जाळीवर टाकले. आणि काय सांगू! चित्रातल्यासारखे पट्टे उठले. एक काप तिथेच गरमागरम तोंडात टाकला. लोण्यासारखा! मी बायकोला हाक मारली. तिने चव घेतली आणि चक्क म्हणाली, "चांगलं झालंय." लग्नानंतर हे वाक्य मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो, निदान माझ्या बाबतीत.

डॉक्टर आले, पाठोपाठ डॉक्टरीणबाई. त्या शाळेत गाणं शिकवतात. कान असे तिखट, की आमच्या घरातल्या भांडणात कोणाचा सूर आधी चढला, हे त्या वरच्या मजल्यावरून सांगतात. त्यांचे पुढचे दोन दात नवऱ्याने बसवलेले. दागिन्यापेक्षा त्यांचा अभिमान जास्त. माझ्या बायकोची एक दाढ डॉक्टरांची, माझ्या दाढेवरची कॅप डॉक्टरांची. थोडक्यात, स्वतः डॉक्टर सोडले तर त्या टेबलाभोवती बसलेलं एकही तोंड डॉक्टरांच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिलेलं नव्हतं.

मी ताटल्या मांडल्या. "चला, सुरुवात करा! गरम आहे तोवर!"

"थांबा," सासरे म्हणाले आणि खुर्चीखालून तराजू काढला.

"बाबा, आता कशाला?"

"चाचणी आहे ना? मग नमुना सगळ्यांचा सारखा पाहिजे. नाहीतर निकालाला अर्थ काय?"

त्यांनी प्रत्येक ताटलीतलं चीज तोललं. मग फळं. मग भाज्या. माझ्या ताटलीत गाजर जास्त निघालं, ते डॉक्टरांच्या ताटलीत टाकलं. मग डॉक्टरांचं पारडं जड झालं. काटा डुलत होता. सासरे चष्मा पुसत होते, काटा स्थिर व्हायची वाट बघत होते, बाल्कनीतून वारा येतो म्हणून उठून खिडकी लावत होते. डॉक्टर कौतुकाने बघत राहिले. "या वयात काय हा काटेकोरपणा!" मीही मान डोलवली. म्हाताऱ्याची शेवटची हौस, होऊ दे म्हटलं, उद्या या वेळेला बसमध्ये असेल!

अखेर सगळ्यांचं सारखं झालं. सासरे बसले. त्यांनी कलिंगडाची फोड खाल्ली. "पास." गाजर चावलं. कर्रर्र! "पास." माझा हात नकळत पाकिटाकडे गेला. मग त्यांनी चीजचा काप काट्याने उचलला, तोंडात घातला आणि चावला.

चुईंक!

डॉक्टरांचा काटा हवेत थांबला.

सासऱ्यांनी पुन्हा चावलं. चुईंक! चुईंक! नव्या बुटांनी फरशीवरून चालत जावं तसा आवाज. सासऱ्यांनी डोळे मोठे केले. त्यांचा तो निरागस चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

"डॉक्टर," ते म्हणाले, "ही वाजते."

"वाजते? कवळी? अशक्य!" डॉक्टर हसले, पण त्यांच्या हसण्यात दात दिसले नाहीत. "खाऊन बघा पुन्हा. आपण सगळेच खाऊ या, काय?"

सगळ्यांनी एकेक काप तोंडात टाकला. मीही टाकला, कॅपच्या बाजूने. चावलं. चुईंक!

कॅप सैल झाली! पण बोलू कसं? कारखान्याच्या मालकासमोर मालाची नालस्ती? मी तोंड मिटलं आणि घास तसाच गिळला. बायकोकडे बघितलं. ती गालाला हात लावून छताकडे बघत होती. डॉक्टरीणबाईंनी रुमाल तोंडाशी धरला होता. टेबलाभोवती एकही जबडा हलत नव्हता. आवाज होऊ नये म्हणून प्रत्येकजण चीज न चावता गिळत होता आणि "वा! छान! वेगळंच!" म्हणत होता. खोट्या कौतुकाचा एवढा साठा मी ऑफिसातसुद्धा एका टेबलावर बघितलेला नाही.

शेवटी डॉक्टरीणबाईंना राहवलं नाही. गाणाऱ्याचा कान ना! "अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "कवळीचा आवाज खालचा आहे. माझ्या शेजारची ही वाजते ती जरा वर. आणि मी..." त्यांचे डोळे भरून आले. "मी सगळ्यात वर वाजतेय हो!"

मग बांध फुटला.

"माझीही दाढ वाजली!" बायको म्हणाली.

"माझी कॅपसुद्धा!" मी म्हणालो.

डॉक्टर पांढरेफटक पडले. "सिमेंट!" ते ओरडले. "त्या पुरवठादाराने दात चिकटवायचं सिमेंट खराब दिलं! अरे देवा, म्हणजे त्याच्यानंतरची सगळी तोंडं..." त्यांनी घाईघाईने स्वतःच्या तोंडात काप टाकला आणि चावला. चुईंक! क्षणभर गोंधळले, मग त्यांचा चेहरा उजळला. "ही दाढ माझ्या वर्गमित्राने बसवलेली. तो मठ्ठच होता!"

पुढचा प्रकार तुम्हाला सांगायची लाज वाटते. आमच्या जेवणाच्या टेबलाशी तीन प्रतिष्ठित माणसं आ वासून ओळीने बसली होती. डॉक्टर एका हातात मोबाइलचा उजेड आणि दुसऱ्या हातात सॅलडचा चमचा घेऊन एकेकाच्या जबड्यात उतरत होते. माझी कॅप त्यांनी चमच्याच्या दांड्याने ठोकली, हलवली आणि "बघू जरा" म्हणत उपटून हातात दिली! सासऱ्यांनी मात्र न सांगता कवळी काढून रुमालावर ठेवली होती. शिस्तीचा माणूस!

"मी हिला आत्ता घासून आणतो!" म्हणत डॉक्टर कवळी घेऊन जिना उतरले.

मी सुन्न होऊन स्वयंपाकघरात गेलो. जाळीवर एक काप उरला होता. दुःखात माणूस काहीही खातो. मी तो दुसऱ्या बाजूने चावला, जिथे माझे जन्मजात, बिनसिमेंटचे, आईवडिलांनी दिलेले दात आहेत.

चुईंक!

मी थबकलो. पुन्हा चावलं. चुईंक! अरे! दात नव्हे, चीज! चीजच वाजतंय! गार झालं की वाजतंय!

मी धावत बाहेर आलो. डॉक्टरही तेवढ्यात धापा टाकत परत आले होते.

"डॉक्टर! दात ठणठणीत आहेत! चीज वाजतंय!"

"चीज वाजतंय?" डॉक्टर म्हणाले. "चीज म्हणजे काय बूट आहे?"

"दाखवतो ना! हे बघा..." मी हात पुढे केला. हात रिकामा होता. पुरावा मी गिळला होता! ताटल्यांकडे धावलो. आमच्या आणि पाहुण्यांच्या ताटल्या लख्ख. सभ्य माणसं सगळा पुरावा पोटात घेऊन बसली होती. फक्त सासऱ्यांच्या ताटलीत एक काप होता.

"बाबा, तो द्या! तो इकडे द्या!"

"हा?" सासऱ्यांनी तो उचलला, शांतपणे बोळक्या तोंडात टाकला आणि हिरड्यांनी घोळवू लागले. आम्ही सगळे कान देऊन उभे. चीजचा हूं नाही की चूं नाही.

"कुठे वाजतंय?" सासरे म्हणाले.

"बघा!" डॉक्टर माझ्यावर खेकसले. "दात नाहीत तर आवाज नाही. म्हणजे आवाज कशाचा? दातांचाच! तुम्ही मला धीर देताय हे कळतंय हो, पण मी सत्याला सामोरं जाणारा माणूस आहे."

एवढ्या वर्षांत मी किती लोकांना सांगितलं असेल, पुरावा नाही, दावा फेटाळला! समोरून कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

"आणि कवळी?" मी चिरक्या आवाजात विचारलं.

डॉक्टरांनी मान खाली घातली. "घाईत जरा जास्तच घासली गेली. आता बसणार नाही. नव्याने माप घेऊ, नवी करू. दोनतीन महिने धरून चला. आणि यावेळी दर पायरीला चाचणी!"

"हे योग्य बोललात," सासरे म्हणाले.

पाहुणे गेले. डॉक्टरीणबाई जाताना "सॅलड सुरेख होतं" म्हणाल्या, तोंड न उघडता. बायको ताटल्या उचलून आत गेली. सासरे उठले, खिडकी उघडली, खुर्चीत बसले आणि पाय उन्हात सोडले. मी स्टुलावर बसलो. दाढेच्या जागी जीभ सारखी जात होती.

"त्या चीजवाल्याचा काटा चोख होता," सासरे म्हणाले. दात नसल्याने शब्द जरा पसरट येत होते, पण कळत होते. "माणूसही सरळ. तुम्ही निघून गेलात, त्याने मला उरलेलं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"गार झालं की दातांखाली वाजतं म्हणाला. लोक घाबरतात म्हणाला."

मी उभाच राहिलो. "म्हणजे तुम्हाला... आणि ती वजनं करत बसलात ते..."

"वजन घाईत करू नये, जावईबापू."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला कोणी विचारलं?" त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. अर्धवट राहिलेलं पान पूर्ण उलटलं. "आणि पाकिटातलं ते तिकीट आजच परत करा. आतल्या कप्प्यात आहे ते. म्हातारा काही इतक्यात उठत नाही."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. बायको हसत होती की भांडं निसटलं, हे मी विचारायला गेलो नाही. खरं काय आणि खोटं काय, हे ओळखायचा माझा त्या दिवशीचा उत्साह संपला होता.

आता दर आठवड्याला आम्ही सासरे-जावई जोडीने दवाखान्यात जातो. त्यांच्या कवळीची चाचणी असते, माझ्या कॅपची जुळवाजुळव. कधी फार गर्दी असते, वाट बघावी लागते. तिथेही खिडकीशी एकच बरी खुर्ची आहे.

मी उभ्या उभ्या मासिक चाळतो.